काचीगुड्याचे रहीम मास्तर : जकार्ताच्या आधीचं हैदराबाद

काचीगुडेकर

'मैदान' हा सिनेमा २०२४ मध्ये आला आणि भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे नाव मराठी घरांतही पोचलं. चांगलंच झालं. पण ज्याच्याशी बोलावं तो जकार्तापासून सुरू करतो आणि जकार्तालाच थांबतो. १९६२ चं एशियाड, फुप्फुसाचा कॅन्सर, दक्षिण कोरिया, २-१, सुवर्णपदक, डोळ्यांत पाणी. जणू हा माणूस थेट विमानातूनच उतरला.

माझं बालपण हैदराबादच्या काचीगुड्यात गेलं. सुलतान बाजार, बडी चावडी, जांबागची विवेकवर्धिनी हा आमचा मराठी पट्टा. याच काचीगुड्यातल्या मिडल स्कूलमध्ये रहीम मास्तर शिकवायचे. जन्म १७ ऑगस्ट १९०९, हैदराबादचाच. उस्मानियाचे बी.ए. नंतर उर्दू शरीफ, दारुल उलूम, चादरघाट अशा शाळांतूनही नोकरी झाली. म्हणजे पेशा मास्तरकीचा. त्यांचं फुटबॉल समजून घ्यायचं तर इथून सुरुवात करायला हवी असं माझं मत आहे.

कारण त्यांच्या पद्धती बघा. १९४३ च्या सुमारास ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि सिटी पोलीस संघाचा सरावही त्यांच्याकडे आला. आता असोसिएशनचा सचिव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं ते सांगायला नको. रहीमसाहेबांनी काय केलं? पोरांसाठी चित्रविचित्र स्पर्धा सुरू केल्या. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी, चेंडू आला की पास द्यायचा. एकीत फक्त कच्च्या पायाने, म्हणजे ज्याची सवय कमी त्या पायाने खेळायचं. काही स्पर्धा उंचीच्या हिशोबाने, ठराविक उंचीच्या वरच्या पोराला प्रवेशच नाही. ज्याला वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा दिसतो त्यालाच असलं सुचतं. उंचीची अट घातली की किरकोळ पोरालाही पायाला चेंडू लागतो, धिप्पाड पोरं सगळा खेळ खाऊन टाकत नाहीत. ड्रिबलिंग बंद केलं की मान वर करून बघावंच लागतं.

हैदराबादेत फुटबॉलची जमीन आधीपासून होती. सिकंदराबादची छावणी, बोलारम, तिरमलगिरी, तिथल्या गोऱ्या पलटणी. आसपासची पोरं त्यांचं बघून अनवाणी खेळायला शिकली. त्यात पोलीस संघ म्हणजे पक्की नोकरी. तेच अकरा-पंधरा जण वर्षानुवर्षं एकत्र, रोज परेड आणि रोज सराव. कलकत्त्याच्या मोठ्या क्लबांत दर हंगामाला खेळाडू इकडून तिकडे जात, त्यामुळे त्यांच्या प्रशिक्षकाला हे सुख नव्हतं.

एक किस्सा सांगतो. तुलसीदास बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा, घरची परिस्थिती बेताची. रहीमसाहेबांनी त्याला खेळताना पाहिलं आणि सरावाला ये म्हणाले. पोरगा म्हणाला, एवढ्या लांब येणार कसा? तर मास्तरांनी सायकलच्या भाड्यासाठी त्याला रोजचा एक रुपया द्यायला सुरुवात केली. हे बलराम यांनीच नंतर सांगितलेलं आहे. हा पोरगा पुढे १९५६ आणि १९६० अशी दोन ऑलिंपिक खेळला आणि १९६२ च्या सुवर्ण संघात होता.

माझं म्हणणं एवढंच, की रहीमसाहेबांना 'चमत्कार' म्हणून आपण त्यांच्यावर अन्याय करतो. शाळा, पोलीस लाइन, गल्लीतल्या स्पर्धा अशी एक आख्खी यंत्रणा त्यांनी एका शहरात उभी केली. भारताचा संघ हे तिचं वरचं टोक होतं. चर्चा होऊ द्या.

कूपरेज_पूर्व_स्टँड

मस्त धागा. पण मुंबईकरांनी या पोलीस संघापायी काय सोसलं ते तुम्ही लिहिलंच नाहीत! रोव्हर्स कप, १९५०, ५१, ५२, ५३, ५४. सलग पाच वर्षं. मुंबईत कूपरेजच्या मैदानावर येऊन कप उचलायचा आणि गाडीत बसायचं. १८९१ पासून चाललेली स्पर्धा, १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सनी ती पहिल्यांदा गोऱ्या पलटणींच्या हातून काढून घेतली, पण लागोपाठ पाच कुणालाच जमले नाहीत. ना मोहन बागान, ना ईस्ट बंगाल.

वडील फोर्टात नोकरीला होते, कचेरी सुटली की थेट कूपरेज. ते सांगायचे, की या संघात एकटा असा कुणी लक्षात राहायचा नाही. चेंडू मात्र जमिनीवरूनच फिरायचा. आपल्याकडचे प्रेक्षक उंच लाथेवर टाळ्या वाजवणारे, त्यांना आधी हे मिळमिळीत वाटायचं. दोन वर्षांत तेच लोक 'पोलीस आले' म्हणून तिकिटाला रांग लावू लागले.

आणि राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी! १९५६-५७ आणि ५७-५८, दोन्ही वेळा विजेते हैदराबाद, दोन्ही वेळा फायनलला समोर मुंबई. जखमेवर मीठ.

नांदेडकर_सध्या_पुणे

काचीगुडेकर, १९५० या सालाकडे जरा थांबून बघा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं संस्थान भारतात आलं. आमचं नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद सगळं त्याच संस्थानातलं. त्या काळात हैदराबादबद्दल बाहेर किती संशय होता ते मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना विचारा. आणि दोन वर्षांत त्याच शहराचा पोलीस संघ मुंबईत रोव्हर्स आणि दिल्लीत ड्युरँड कप जिंकतो, आणि त्याच शहरातला मास्तर १९५१ च्या दिल्ली एशियाडला भारताचा प्रशिक्षक होतो! फायनलला इराणवर १-०, गोल साहू मेवालालचा. आशियाई खेळांच्या इतिहासातलं फुटबॉलचं पहिलं सुवर्ण.

माझे आजोबा उस्मानियात शिकले. मराठवाड्यातली कितीतरी पोरं तेव्हा तिथेच जायची, दुसरं विद्यापीठ होतं कुठे? फुटबॉल बघायला फतेह मैदानावर जायचो असं ते सांगत. आजचं लालबहादूर स्टेडियम ते हेच.

आकडेमोड

धागा चांगला आहे, म्हणून थोडं विघ्न घालतो. 'रहीमसाहेबांनी ब्राझीलच्या आधी ४-२-४ (चार बचावपटू, दोन मधले, चार फॉरवर्ड) खेळवली' हे वाक्य या धाग्यावर अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटतं. येणारच, म्हणून आधीच लिहितो.

१९५३ च्या नोव्हेंबरात हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ ने झोडपलं, तेव्हा हिदेगकुटी हा सेंटर फॉरवर्ड मुद्दाम मागे राहून खेळत होता. युरोपभर त्याची चर्चा झाली. रहीमसाहेब वाचणारे, डोळे उघडे ठेवणारे गृहस्थ होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं ते त्यांनी बाकावरून पाहिलं होतं. आपली पोरं तेव्हा बहुतेक अनवाणी, थंडी मरणाची, आणि आपल्याकडे सामने ७० मिनिटांचे होत, तिथे ९० मिनिटं धावायचं. एवढा मार खाल्लेला माणूस जगात काय चाललंय ते शोधणारच. १९५६ ला त्यांनी एक फॉरवर्ड मागे खेचला, ही गोष्ट खरी. ब्राझीलने १९५८ चा विश्वचषक ४-२-४ खेळून जिंकला, हेही खरं. पण 'ब्राझील आपल्याकडून शिकलं' असं त्यातून निघत नाही. त्यांना हंगेरियन प्रशिक्षकांकडून काय मिळालं तो वेगळा इतिहास आहे.

काचीगुडेकर

@आकडेमोड, ब्राझीलने आपल्याकडून उचललं असं कुणी म्हणत असेल तर त्याला माझ्याकडूनही कोपरापासून नमस्कार. पण तुमच्याच मुद्द्यात रहीमसाहेबांचं मोठेपण आहे. हेलसिंकीनंतर ते 'पोरांचा स्टॅमिना कमी पडला' म्हणून गप्प बसू शकले असते. बूट सक्तीचे झाले तो निर्णय महासंघाचा. बूट घालून एका स्पर्शात पास कसा द्यायचा, हे शिकवायचं काम कुणाचं होतं? भारतात सगळे डब्ल्यू-एम या जुन्या मांडणीच्या चौकटीत अडकलेले असताना या माणसाने चार वर्षांत संघाची बांधणी बदलली आणि तो संघ ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत नेला. त्यांचे एक शिष्य आल्बर्टो फर्नांडो १९६४ मध्ये ब्राझीलला प्रशिक्षणासाठी गेले होते. रहीमसाहेबांनी आम्हाला १९५६ ला शिकवलं तेच इथे आता शिकवतायत, अशा अर्थाचं ते परत येऊन बोलले होते. कुणी कुणाचं उचललं हा वाद बाजूला ठेवला तरी मास्तर काळाच्या बरोबर होते एवढं त्यातून दिसतं. नंतरच्या किती भारतीय प्रशिक्षकांबद्दल असं म्हणता येईल?

बार्देसकार

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचा विषय निघाला आणि नेव्हिल डिसोझाचं नाव नाही? हे कसलं रे बाबा!

१ डिसेंबर १९५६, यजमान ऑस्ट्रेलियावर ४-२, त्यातले तीन गोल नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. मूळ आमच्या गोव्याच्या बार्देसातल्या आसगावचा, खेळला मुंबईत टाटांकडून. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानेच मारला. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा घातले त्यांच्यावर आपली आघाडी! पुढे ४-१ ने हरलो, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवलं, पण चौथा क्रमांक. एकूण चार गोल करून नेव्हिल त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत संयुक्त पहिला. गोलकीपर एस. एस. नारायणही मुंबईचाच, माटुंगा जिमखान्यातून वर आलेला.

१९६२ च्या संघातला फोर्तुनात फ्रँको आमच्या कोलवाळचा. पीके बॅनर्जी, चुनी गोस्वामी, बलराम या तिघांवर सगळे लिहितात, मधल्या फळीत राबणाऱ्या फ्रँकोवर कोण लिहितं? कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये गेला. दोन रकान्यांच्या बातम्या आल्या, झालं.

तेव्हा काचीगुडेकरबाब, 'सगळं हैदराबादचं' असं करू नका. मास्तर तुमचा, पण संघ सगळ्यांचा.

काचीगुडेकर

@बार्देसकार, मान्य, शंभर टक्के. पण मेलबर्नच्या संघातली ही नावं बघा: नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, बलराम. एका शहरातून इतके! बाकीच्यांना त्यांनी निवडलं. हे मात्र त्यांनी घडवले.

तालीमवाला

कोल्हापुरातनं लिहितोय. आमच्याकडं फुटबॉल पेठेचा, तालमीचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लबची मॅच असली की मंगळवार पेठेत दुकानं लवकर बंद होतात. त्यामुळं हे 'शहराची यंत्रणा' म्हणजे काय ते आम्हाला सांगायला लागत नाही.

पण मी पोरं शिकवतो म्हणून बोलतो. आमच्यात पोरगं आठ वर्षाचं झालं की तालमीचा टी-शर्ट घालतं, आणि पहिल्या दिवसापासनं मॅच जिंकायची हौस. कच्चा पाय कुणी घासायचा? परवा एका पोराला डाव्यानं मार म्हणलं, तर चेंडूकडं न बघता पालकांकडं बघतंय. चुकलं तर वडील ओरडतील म्हणून. गेल्या वर्षी पालकांनी लाइनीवरनं एवढा दंगा केला की मॅच थांबवायला लागली. रहीमसाहेबांची स्पर्धा वाचून डोक्यात प्रकाश पडला. सगळेच कच्च्या पायानं खेळणार म्हणल्यावर कोण कुणाला हसणार? नियमच तसा करायचा. लई भारी डोकं होतं माणसाचं.

आकडेमोड

तालीमवाल्यांचा मुद्दा आवडला. पण मग मूळ प्रश्नाकडे येऊ. यंत्रणा एवढी भक्कम होती तर रहीमसाहेब ११ जून १९६३ ला गेले आणि सगळं विरलं कसं? माणसावाचून अडणारी ती यंत्रणा कसली? मला वाटतं काचीगुडेकर 'एकटा माणूस' या कहाणीला विरोध करता करता तीच कहाणी वेगळ्या वाटेने सांगतायत.

काचीगुडेकर

हा प्रश्न मला हवाच होता.

पहिलं म्हणजे, सगळं लगेच विरलं नाही. १९६५-६६ ची संतोष ट्रॉफी आंध्र प्रदेशने जिंकली, मास्तर जाऊन दोन-अडीच वर्षं झाल्यावर. सय्यद नईमुद्दीन हैदराबादचा, १९७० च्या बँकॉक एशियाडला कांस्य मिळालं तेव्हा कप्तान तोच. मोहम्मद हबीब, अकबर, नंतर शब्बीर अली, व्हिक्टर अमलराज. सत्तरच्या दशकात कलकत्त्याच्या क्लबांचं निम्मं काम हैदराबादी पायांवर चाललं होतं. शब्बीर अली तर आधी मुंबईत टाटांकडून खेळला, आणि साळगावकरने १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा प्रशिक्षक तोच होता. रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम १९६० च्या ऑलिंपिक संघात होते, पुढे हवाई दलात, फिफाचे पंच, आणि मुंबईच्या महिंद्र संघाचे प्रशिक्षक. २०१७ मध्ये ध्यानचंद पुरस्कार, २०२१ मध्ये गेले.

म्हणजे माल तयार होत होता, पण शहरात थांबत नव्हता. कलकत्त्यात पैसा आणि लाखाचा प्रेक्षक. पोलिसाच्या पगारावर पोरगा किती दिवस राहील? माणसं गेली तशी पोलीस संघाची जादू ओसरली. संघ बसला तसं शाळकरी पोराला समोर बघायला कुणी उरलं नाही. मैदानांचं काय झालं ते कुठल्याही शहरातल्या माणसाला सांगायला नको. तरी मास्तरांनी पेरलेलं जवळपास वीस वर्षं उगवत राहिलं. दर वर्षी पेरणारा दुसरा सचिव नंतर आला नाही, एवढंच.

कूपरेज_पूर्व_स्टँड

यात एक विनोदी भर. २०१९ मध्ये पुण्याचा आयएसएल (इंडियन सुपर लीग) संघ बंद पडला आणि त्या जागी हैदराबाद एफसी आला. म्हणजे आमचंच गेलं आणि तुम्हाला मिळालं. त्यांनी २०२१-२२ ची लीग जिंकली, फायनल गोव्यात फातोर्ड्याला, पेनल्टीवर केरळला हरवून. आणि आता? २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला. सहा वर्षांत तीन शहरं. आणि तिकडे पगारी पोलिसांनी पाच वर्षं एकच कप सोडला नव्हता.

बार्देसकार

आमच्या फातोर्ड्याला तुमचा कप, हेही एक हैदराबादी परंपरेचंच म्हणायचं. दुसऱ्याच्या मैदानावर जिंकायचं!

नवीन_वाचक_२२

सिनेमा पाहिला नाही, म्हणून विचारते. जकार्तात प्रेक्षक भारताविरुद्ध का होते? आणि जर्नेल सिंग डिफेंडर होता ना, मग फायनलला गोल कसा?

नांदेडकर_सध्या_पुणे

यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नव्हतं. त्यावर ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला, मग याला आशियाई खेळ म्हणूच नका असा सूर लावला. लोक खवळले, भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. ४ सप्टेंबरच्या फायनलला आख्खं सेनायान स्टेडियम आपल्याविरुद्ध. सांगतात, की बसमधून जाताना जर्नेलला खाली, सीटांच्या मधे बसवलं होतं, पगडी बाहेरून दिसू नये म्हणून. आणि स्टँडमध्ये आपल्या बाजूने ओरडणारे कोण, तर पाकिस्तानचे हॉकीपटू.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रहीमसाहेबांच्या धाडसात आहे. गटात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० हरवलं होतं. पुढे थायलंडविरुद्ध जर्नेलच्या डोक्याला लागलं, टाके पडले. बचावात हेडर मारणं जोखमीचं. दुसरा कुणी त्याला विश्रांती देता. मास्तरांनी दक्षिण व्हिएतनामविरुद्ध उपांत्य सामन्यात त्याला थेट सेंटर फॉरवर्डला उभं केलं. ३-२. फायनलला पहिल्या वीस मिनिटांत पीके आणि जर्नेल, २-०, आणि शेवटी २-१.

आकडेमोड

हे मात्र शुद्ध मास्तरकीचं डोकं. पोराला वर्गाबाहेर काढायचं नाही, बाक बदलायचा. काचीगुडेकर, इथे मी तुमच्या बाजूला.

काचीगुडेकर

@आकडेमोड, स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

एक गोष्ट मात्र बोचते. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये, तोवर मास्तरांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. फुटबॉलमध्ये तो मिळाला नईमुद्दीनला, म्हणजे हैदराबादच्याच पुढच्या पिढीला. काचीगुड्यातल्या आजच्या पोरांना विचारलं तर रहीम म्हणजे अजय देवगण. शहरात एखादी आंतरशालेय स्पर्धा त्यांच्या पद्धतीने, त्यांच्या नावाने सुरू झाली तर पुतळ्यापेक्षा ते मला जास्त आवडेल.

तालीमवाला

हैदराबादचं हैदराबाद बघून घेईल. मी येत्या सुट्टीत आमच्या बारा वर्षांखालच्यांची कच्च्या पायाची स्पर्धा घेतोय, पेठेतल्या तीन तालमींशी बोलणं झालंय. नियमाचं एक ठरत नाही. पक्क्या पायानं चेंडू मारला की समोरच्याला फ्री किक, हे ठीक. पण नुसता अडवला तर? आणि गोलकीपरनं किक मारताना?

बार्देसकार

अडवायला सूट द्या, नाहीतर पाच मिनिटाला शिट्टी. गोलकीपरला मात्र सूट नको, त्यानेच सगळ्यात जास्त शिकायला हवं.

आकडेमोड

आणि सुरू होण्याआधी प्रत्येक पोराचा पक्का पाय कुठला ते कागदावर लिहून घ्या. नाहीतर फायनलच्या दिवशी सगळे डावरे निघतील.

तालीमवाला

हे बरोबर बोललासा. आमची पोरं तसलीच आहेत. वही घेऊन ठेवतो.